स्वच्छ धूर

२ जून १९८१, मंगळवार

माझी बायको वांदा म्हणते, दिवसभर बोलतोस ते पुरत नाही म्हणून आता लिहायलाही लागलास का. लागलो. उद्या आमच्या कुरितिबा शहरातल्या सगळ्या टॅक्स्या अल्कोहोलवर धावायला लागल्या की सुरुवात कुठे झाली हे कुणीतरी विचारेल, आणि तेव्हा ताबोर्दा सगळं श्रेय स्वतःच्या खिशात घालेल. म्हणून ही वही.

तर आज ताबोर्दा हो म्हणाला. चौकातल्या टॅक्सी स्टँडचा मालक तो. अकरा गाड्या आहेत, आणि सख्ख्या भावावरही विश्वास नाही. चार गाड्यांची इंजिनं मी अल्कोहोलवर करून द्यायची. इथल्या जून ते ऑगस्टच्या हिवाळाभर, दंव पडो नाहीतर गारा, त्या पहाटे पाचला स्टँडवर हजर पाहिजेत. तीनदा खाडा झाला की चारही पुन्हा पेट्रोलवर करून द्यायच्या, तेही फुकट, आणि वर तो प्रत्येक स्टँडवर माझी अब्रू काढणार. सप्टेंबरपर्यंत तरलो तर उरलेल्या सातही माझ्याच. मी पेट्रोलची कामं घेणं बंद केलंय. गॅरेजची पाटीसुद्धा नव्याने रंगवून घेतली. आता माघार नाही.

त्याला पटवलं ते रुमालाने. स्टँडवर सगळे ड्रायव्हर जमवले, माझ्या गाडीच्या सायलेन्सरला पांढरा रुमाल बांधला आणि इंजिन चांगलं रेस केलं. रुमाल होता तसाच पांढरा. मग तोच झुवेंसियोच्या पेट्रोल गाडीला बांधला. भाकरी करपल्यासारखा काळा गोल उमटला. रुमाल या हातातून त्या हातात फिरला. मी म्हटलं, "हे उसाचं आहे बाबांनो. रविवारी तुम्ही पिता ते आणि हे सख्खे भाऊ. पोटात चालतं ते छातीत का नाही चालणार?"

झुवेंसियो रात्रपाळीचा ड्रायव्हर. जिभेला हाड नाही. सायलेन्सर हुंगून म्हणाला, "काझिमिरो, माझा सासरा सकाळी उठला की हाच वास येतो." सगळे हसले आणि काम झालं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, गॅरेजची शेड माझ्या जागेत आहे एवढं लक्षात ठेवून काय ते करा." घरजावयाला आनंदसुद्धा परवानगी काढून करावा लागतो.

१० जून, बुधवार

चारही झाल्या. हेड घासून दाब जवळजवळ दुपटीला नेला, इंधनाची भोकं म्हणजे जेट मोठे केले, टाकीला आणि कार्ब्युरेटरला आतून मुलामा दिला, नाहीतर अल्कोहोल धातू खातं. पिकअप असा की झुवेंसियोने पहिल्याच चढावर बसला मागे टाकलं आणि ड्रायव्हरला हात करून आला.

पण जो तो एकच विचारतो, ॲव्हरेज किती? अरे, अल्कोहोलमध्ये आग कमी असते, ते जास्त लागणारच. नुसते जेट मोठे केले तर लिटरला सहा किलोमीटर मिळतात. हेड घासलं की साडेसातपर्यंत जातं, कारण हे इंधन कितीही दाबा, पेट्रोलसारखं कुरकुरत नाही. वांदाला हे सगळं जेवताना समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दाबलं की चांगलं काम करतं. आमच्या घरात असं कुणीच नाही." सासूबाई मनापासून हसल्या. माझ्यावर का होईना, हसल्या.

१६ जून, मंगळवार

पहिला खाडा.

रात्री पारा चारवर आला आणि चारातल्या दोन गाड्या हलेनात. अल्कोहोलला थंडीत वाफच धरत नाही. त्यासाठी मी पेट्रोलची छोटी टाकी बसवली आहे, बटण दाबलं की कार्ब्युरेटरमध्ये पिचकारी बसते. तरी नाही. सेल्फ मारून मारून बॅटऱ्या बसल्या. ताबोर्दाने नुसतं एक बोट वर केलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

उपाय सापडलाय. इंजिन गार पडूच द्यायचं नाही. आजपासून चारही गाड्या रात्री माझ्या शेडमध्ये. शेड लाकडी आहे, फळ्यांमधून वारा येतो. दिवसभर बसून सगळ्या फटींत गोणपाट आणि वर्तमानपत्रं ठासली. चारला उठायचं, दार लावलेलंच ठेवून चारही सुरू करायच्या, चोक ओढून ठेवायचा आणि इंजिन हाताला गरम लागेपर्यंत चालू द्यायचं. मग ड्रायव्हर येऊन घेऊन जातील. शेड आणि सासूबाईंची खोली यांच्यात एकच भिंत आहे, तीही फळ्यांची. आवाजाने त्यांची झोप मोडेल, पण त्यांच्या खिडकीतून गार वारा येतो ही त्यांची जुनी तक्रार होती, ती मी आज लगे हाथ चहूबाजूंनी चिंध्या ठासून मिटवली. कुणी विचारलं नव्हतं तरी.

१९ जून, शुक्रवार

तिन्ही दिवस चारही गाड्या वेळेवर. एका सेल्फमध्ये!

धुराने डोळे मात्र चुरचुरतात, कांदा चिरल्यासारखे. सवय होईल.

सासूबाईंनी सकाळची कॉफी ओकून टाकली. डोकं ठणकतंय म्हणतात. मी म्हटलं, "आई, आवाजाने असेल. कानात कापूस घालून झोपा."

"आवाज कानात जातो. हे नाकातून जातंय."

"अल्कोहोलला काय वास आहे? गोडसर तर वास."

"माझ्या नवऱ्याच्या तोंडालाही गोडसरच वास यायचा," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं त्यानेही डोकंच दुखलं."

कापूस त्यांच्या उशाशी ठेवून मी शेडमध्ये गेलो.

२१ जून, रविवार

शनिवारी रात्री ड्रायव्हर गाड्या आपापल्या घरी नेतात, म्हणून आज घर शांत होतं. सासूबाई टुणटुणीत! सकाळी चर्चला चालत गेल्या, बहिणीकडे बटाट्याच्या करंज्या हाणल्या, येताना तिची आंबवलेल्या कोबीची बरणी उचलून आणली. रविवारी आजारालाही सुट्टी असते वाटतं. वांदाला म्हटलं, तुझ्या आईला दुखणं नाही, अल्कोहोल खुपतंय. मी यशस्वी होतोय ते खुपतंय. वांदाने बरणी फडताळात ठेवली आणि फडताळाचं दार जरा जोरात लावलं.

२४ जून, बुधवार

सेंट जॉनच्या सणाची शेकोटी. गल्लीतले सगळे आले होते. आलं-लवंग घातलेली कढत ऊसदारू, उकडलेले पाइनचे दाणे, झुवेंसियोचा अकॉर्डियन. सासूबाई शेकोटीजवळ बसल्या होत्या, गाल लालबुंद, आणि येईल त्याला सांगत होत्या, "जावयाने मला धुरात घातलंय."

मला राहवलं नाही. गाडी अंगणात आणली, रुमाल बांधला, रेस केली आणि पांढराशुभ्र रुमाल सगळ्यांसमोर त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "दाखवा आई, कुठे आहे धूर." लोक हसले. त्यांनी रुमालाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि आत गेल्या. वांदा नंतर माझ्याबरोबर नाचली नाही.

जरा जास्तच झालं हे कळतंय. पण बदनामी कुणी सुरू केली?

४ जुलै, शनिवार

काल सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. उठवायला गेलो तर मला "स्तेफान, स्तेफान" म्हणाल्या. स्तेफान म्हणजे सासरे, जाऊन नऊ वर्षं झाली. मी मनातून घाबरलो, हे इथे लिहायला हरकत नाही.

डॉक्टर आले. छाती तपासली आणि खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात कोळशाची शेगडी होती, थंडीत त्या पेटवतात. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, भ्रम होतो, आणि माणूस झोपेतच जातो. मग शेजारच्या शेडचं विचारलं. मी म्हटलं, "पेट्रोल नाही डॉक्टर, अल्कोहोल आहे, उसाचं." ते म्हणाले, अल्कोहोलचं मला काही सांगता येणार नाही, पण शेगडी आधी बाहेर काढा.

म्हणजे शेगडी! पंधरा दिवस शिव्या मी खाल्ल्या आणि चोर त्यांच्याच उशाशी बसला होता. शेगडी उचलून अंगणात पालथी घातली. सासूबाई म्हणाल्या, "शेगडी मी तीस वर्षं पेटवतेय." म्हटलं, नशीब समजा.

मी काही दगडाचा नाही. शेगडी गेली म्हणजे म्हातारीला थंडी वाजणार. म्हणून आज शेडकडच्या भिंतीतल्या खालच्या दोन फळ्या काढून टाकल्या. पहाटे चार इंजिनांची ऊब फुकट वाया जाते, ती आता सरळ त्यांच्या पलंगाखाली येईल. एवढी काळजी त्यांच्या सख्ख्या मुलाने घेतली नसती.

११ जुलै, शनिवार

ताबोर्दा शेड बघायला आला. दार लावून आत उभा राहिला, बोटाने फटी तपासल्या, खोकला आणि म्हणाला, "पोलाका, तुझ्या डोक्यात भुसा नाही रे." आम्हा पोलिश लोकांना इथे डिवचायला पोलाका म्हणतात, पण त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फुलांचा हार.

आता खरी बातमी. तो सप्टेंबरची वाट बघणार नाही! स्टँडच्या मागे त्याची विटांची कोठी आहे, एक दार आणि खिडकी नाही. तिथे अशीच सोय करायची. फट कशी बुजवायची, चोक किती ओढायचा, सगळं मी शिकवायचं. झुवेंसियो रात्रपाळीत भाड्याची वाट बघत गाडीतच झोपतो, तो आता तिथेच खाट टाकून झोपेल आणि पहाटे गाड्या गरम करेल. २० तारखेच्या सोमवारपर्यंत सगळं नीट चाललं तर मंगळवारपासून गाड्या तिकडे, आणि उरलेल्या सातांचं काम त्याच दिवशी सुरू. झुवेंसियोला विचारलं, आत झोपशील ना? म्हणाला, "ऊब आहे, दारूचा वास आहे, बायको नाही. पेन्शन मिळेपर्यंत झोपतो."

आज मी सासूबाईंनाही आवडत्या बिस्किटांचा पुडा आणला. त्यांना ओकारीच्या भीतीने काही खाववत नाही. शेगडीचा अंश शरीरातून जायला वेळ लागत असेल.

१८ जुलै, शनिवार

बुधवारपासून वांदा आईच्या खोलीत झोपते. आज सकाळी ती दाराची चौकट धरून उभी होती.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली.

"तूही आईच्या बाजूने झालीस का?"

लग्नाला चौदा वर्षं झाली, वांदाने कधी डोकेदुखीची गोळी घेतली नाही. दाढ काढली त्या दिवशीसुद्धा संध्याकाळी धुणं धुतलं तिने. तिला सोंग येत नाही. आलं असतं तर माझे विनोद ऐकून हसली असती.

जागरणामुळे असेल. सोमवार एकदाचा पार पडू दे.

२० जुलै, सोमवार

हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय.

पहाटे अंगण गोठलेल्या दंवाने पांढरं होतं. मी चारही गाड्या सुरू केल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेर आलो. चारही एका लयीत चालत होत्या. ताबोर्दाने हे ऐकायला हवं होतं असं वाटलं. मी कॉफीसाठी वांदाला हाक मारली. दुसरी मारली. मग मला अंगणातली शेगडी दिसली. पालथी, वर दंवाचा थर. पंधरा दिवस ती तिथे पडून आहे. पंधरा दिवस खोलीत कोळसा नाही.

सासूबाईंच्या खोलीच्या दाराला आतून काहीतरी अडत होतं. ती वांदा होती. दारापर्यंत सरपटत आली होती, हात दाराच्या मुठीपर्यंत पोचला नव्हता. तिला ओढून गवतावर टाकलं, तिने डोळे उघडले आणि ओकली. "आई," म्हणाली. मी परत आत गेलो. पलंगाखालून, मी काढलेल्या फळ्यांमधून, ती ऊब येत होती. सासूबाई हलत नव्हत्या. इतक्या हलक्या असतील असं वाटलं नव्हतं. दंवात ठेवून मी त्यांना हाका मारल्या, आई, आई, आणि मग त्यांच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा त्यांनी श्वास घेतला.

शेडमध्ये चारही गाड्या तशाच चालू होत्या. स्वच्छ.

इथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. अल्कोहोल आहे, उसाचं आहे, रुमाल पांढरा राहतो. त्या तरुण आहेत, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, काजळी नसते, शिसं नसतं, हे खरंच आहे. तापलेलं, नीट जुळवलेलं इंजिन असेल तर कार्बन मोनॉक्साइडसुद्धा कमी. पण गार इंजिन चोक ओढून चालवलं की इंधन अर्धवट जळतं, आणि अर्धवट जळलेलं अल्कोहोलही कोळशासारखंच. "रुमालावर जे दिसतं ते तुम्ही तपासलंत," एवढंच म्हणाल्या.

वांदा बरी आहे. सासूबाईंच्या तोंडावर ऑक्सिजन आहे. रविवारी त्या बऱ्या असायच्या. मी ते याच वहीत लिहिलंय, चेष्टा म्हणून. शेकोटीपाशी त्यांनी सगळ्या गल्लीला खरं सांगितलं आणि मी गल्लीला त्यांच्यावर हसवलं. मला स्वतःची शिसारी येते आहे.

२१ जुलै, मंगळवार

सासूबाई शुद्धीवर आल्या. मी हात धरून म्हटलं, "आई, चूक माझी. तुम्ही सांगत होतात." त्या म्हणाल्या, "फळ्या लाव आधी. वांदाला गार वारा बाधेल." जावईबापू म्हणाल्या नाहीत. म्हणायला हवं होतं.

वांदाने पाणी मागितलं, अर्धा पेला प्याली आणि विचारलं, "आज मंगळवार ना? झुवेंसियो आज कुठे झोपणार?"

मी तशीच गाडी पळवली. चौकात पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. चारही गाड्या कोठीत लागलेल्या, फटींत गोणपाट ठासलेलं. माझ्यापेक्षा नीट ठासलेलं. झुवेंसियो खाटेवर ब्लँकेट झटकत होता, ताबोर्दा शेजारी उभा होता. मी दोघांना सगळं सांगितलं. ताबोर्दाने पूर्ण ऐकून घेतलं.

"हे बघ," तो म्हणाला. "तुझी सासू म्हातारी आहे. हा रेडा आहे."

"वांदा म्हातारी नाही. दाराच्या मुठीपर्यंत हात पोचला नाही तिचा."

"महिनाभर तू स्वतः त्या शेडमध्ये होतास. मेलास का?"

"मी सुरू करून बाहेर यायचो. हा आत झोपणार."

"काल रुमाल दाखवत होतास, आज घाबरवतोस. बोली वाढवायची आहे का तुला?"

"नकोत मला तुझ्या सात गाड्या. चारही पेट्रोलवर करून देतो. फुकट. गाड्या बाहेर लाव."

"बाहेर लावल्या तर उद्या एकही हलणार नाही. पारा शून्याखाली जातोय. मग मी तुला चांगला सोडेन होय? या शहरात सायकलचं पंक्चरसुद्धा तुझ्याकडे कुणी आणणार नाही."

झुवेंसियोला म्हटलं, तू तरी ऐक. तो म्हणाला, "दोन वर्षं गाडीच्या सीटवर कुडकुडत काढलीत मी. आज खाट मिळाली तर तुझ्या पोटात दुखायला लागलं? अरे, छातीत चालतं असं तूच सांगितलंस ना. मी चार जणांना सांगितलंय ते."

मी गाडीतून हातोडा आणला, कोठीच्या दाराच्या बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून वर काढल्या आणि दार उचललं. जड होतं. ताबोर्दा आधी हसला, मग ओरडायला लागला. झुवेंसियोने मला धरलं, मी ढकलला, तो खाटेवर पडला. दार टपावर टाकून दोरीने बांधलं. ताबोर्दा मागे धावत होता, पोलिसांना बोलावतो म्हणत होता. म्हटलं, बोलाव. त्यांनाही हेच सांगतो.

दार आता माझ्या अंगणात आहे. नवी पाटी उतरवून मी तिच्याच लाकडाने सासूबाईंच्या भिंतीतलं भोक बंद केलं. दुसरी फळी हाताशी नव्हती.

२२ जुलै, बुधवार

झोप लागली नाही. दर तासाला उठून अंगणातली गाडी चालू करून गरम ठेवली, चारच्या सुमाराला ती घेऊन चौकात गेलो आणि रस्त्याच्या या बाजूला थांबलो. कोठीला दार नव्हतं. कुणीतरी चादर लावली होती, तीही वाऱ्याने एका बाजूने सुटली होती. छपरावर दंव. आत कुणी हलताना दिसेना. दार नेलं म्हणजे पुरेसं झालं की नाही, हेही मला नक्की माहीत नव्हतं. ज्याने महिनाभर सगळं नक्की माहीत असल्यासारखं सांगितलं तो मीच.

पाच वाजले. स्टँडवर बॅगा घेऊन तीन-चार उतारू येऊन थांबले होते. मग आतून सेल्फचा आवाज आला. रडका, लांबलेला. पुन्हा. दुसऱ्या गाडीचा. तिसऱ्या गाडीचा तर नुसता टकटक. एकही सुरू झाली नाही. ताबोर्दा कोट घालून येऊन उभा राहिला आणि उतारूंना हात हलवून माझ्या गॅरेजचं नाव सांगू लागला, पत्त्यासकट.

तेवढ्यात चादर बाजूला झाली. झुवेंसियो ब्लँकेट गुंडाळून बाहेर आला, नाक लाल, दात वाजत होते. त्याला रस्त्यापलीकडे माझी गाडी दिसली. त्याने सुरुवात माझ्या आईपासून केली. मग बाप, मग अल्कोहोल, मग ऊस, मग ज्या बोटीने माझे आजोबा या देशात आले ती बोट. श्वास घ्यायला न थांबता, चौक दणाणून जाईल अशा आवाजात तो मला शिव्या घालत होता, आणि खिडक्या उघडून लोक बघत होते.

मी काच खाली केली आणि तो दमेपर्यंत ऐकत बसलो.